डेलमार गबलरची पांढरी टेकडी

कोरड्या ओढ्यातून बरंच चालून झालं, तरी थीडा डेलमारच्या मागेच राहिली. मागून माणसाचे हात दिसतात.

"दगडावर पाय ठेवा, सिस्टर लेविट," तो न वळता म्हणाला. "या मातीची साय मोडली की माझ्या हयातीत पुन्हा धरत नाही."

"तुमची हयात राहिलीच किती, ब्रदर गबलर?"

तो हसला. ती हसली नाही.

दोघं एकाच प्रार्थनाघरातली; तिथे सगळेच एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात. सेंट जॉर्ज गावाच्या कडेची ही जिप्समची टेकडी डेलमारची. हिच्यावर अस्वली पॉपी उगवते. फुलं पांढरी, पानं अस्वलाच्या पंजासारखी केसाळ. या जिल्ह्याबाहेर ती जगात कुठेच नाही. मोटारसायकलवाली पोरं चाकांनी टेकडी नांगरायला लागली तेव्हा डेलमारनं स्वतः कुंपण घातलं. घरं बांधणारा ठेकेदार दर वसंतात दारात यायचा. "फुलं आहेत तोवर नाही," म्हणून हा त्याला वाटेला लावायचा.

आणि यंदा कुंपणाच्या आतलीच रोपं मेली. बाहेरची जगली. फुलांवर लक्ष ठेवायचं काम थीडानं आपणहून घेतलेलं, तिला हे पटेना. फुलं गेली की टेकडी विकायला हा मोकळा. त्यात संध्याकाळी टेकडीकडून येणारी त्याची गाडी तिनं पाहिली होती, मागे पिंप बांधलेलं. तणनाशकाला वास असतो, म्हणून आज निघताना तिनं हळूच पिंपाला नाक लावलं. वास नव्हता. धुऊन ठेवलं असेल, म्हणून संशय उलट वाढला.

कुंपण आलं. रोपं काळी पडून मातीला चिकटली होती. थीडानं एक मूळ उकरलं. ते बोटांत लिबलिबीत आलं.

"देवाला साक्ष ठेवून सांगा, पिंपात काय होतं?"

"पाणी."

"वाळवंटातल्या फुलाला पाणी कोण घालतं?"

"दोन हिवाळे कोरडे गेले. सुकताना बघवेना." त्यानं टोपी काढली. "आजोबांनी कालवा खणला, बापानं लसूणघास पिकवला, मी जन्मभर पाण्याच्या पाळ्या लावल्या. आमच्या घरात मरतंय त्याला पाणी देतात. पानं मलूल झाली की मी आणखी घालायचो."

थाप असती तर त्यानं जरा बरी मारली असती. तरी तिनं विचारलंच, "आणि ठेकेदार?"

"परवा आला होता. कुत्रं सोडलं अंगावर."

"तुमचं कुत्रं आंधळं आहे."

"त्याला कुठे माहीत!"

आता मात्र तिला हसू आवरेना. मग ती सावकाश म्हणाली, "बी आहे अजून मातीत. वर्षानुवर्षं निजून राहतं. देवाच्या मनात असेल तर उगवेल."

"तेच भय आहे." डेलमारनं कुंपणाची किल्ली काढून तिच्या हातात दिली. "आता तुम्हीच येत जा. आणि नवं रोप दिसलं तर मला कळू देऊ नका. मी रविवारी विचारीन, हात धरून विचारीन. तरी सांगू नका."