गाडी विकायची तर इंजिन पुसू नये

ह्यांना उजव्या डोळ्याने दिसेनासं झालं, तेव्हा डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. ह्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी वारज्याच्या भाजीबाजारात गाडी एका हातगाडीवर घातली. मेथीच्या जुड्या रस्त्यावर पडल्या, भाजीवाला वाचला.

"त्याने हातगाडी मध्ये आणली," हे म्हणाले.

हातगाडी सकाळपासून तिथंच उभी होती. कोणी मरायच्या आत गाडी विकायची, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

बँका 'कर्ज घ्या, कर्ज घ्या' म्हणून माणसांच्या मागे लागल्या, त्या दिवसांत घेतलेली ती छोटी पांढरी गाडी. पुढे मुलगा आयटीत लागला, त्याने स्वतःची मोठी घेतली, तरी हे हिला सोडेनात. शेवटी मुलानेच कंप्यूटरवरून गिऱ्हाईक शोधलं. सदाशिव पेठेतले एक निवृत्त गृहस्थ रविवारी यायचे होते. शनिवारी मी बॉनेट उघडलं. आत महिनाभर न घासलेल्या कढईसारखा थर. मी मुलाला फोन लावला.

"आई, पाईप लावून धुऊ नकोस हं! वायरींत पाणी गेलं तर गाडी चालूच होणार नाही."

"मग काय चाटून साफ करू?"

त्याने सांगितलं ते असं. इंजिन पूर्ण गार असताना हात लावायचा. आधी बॅटरीची वजावाली वायर काढून ठेवायची. विजेच्या भागांवर प्लास्टिक बांधायचं. कोरडी धूळ आधी ब्रशने झाडायची, मग साबणाचं पाणी फडक्याला लावून पुसायचं. अधिक-वजा मला चौथीपर्यंतच्या शाळेत शिकवलं होतं. प्लास्टिकचं म्हणाल, तर धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या माझ्याकडे ढिगाने होत्या. सून त्यांवरून बरीच वर्षं तोंड वाकडं करत होती. त्या दोऱ्याने बांधल्या, ह्यांचा जुना बनियन फाडला, टूथब्रशने कानेकोपरे घासले. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीने जेमतेम ओलं केलं आणि लगेच कोरडं पुसलं. पिशव्या सोडल्या, वायर लावली, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू.

हे बाजूला खुर्ची टाकून बसले होते. "भांडी घासल्यासारखं घासू नको," एवढंच म्हणाले.

रविवारी गृहस्थ आले. स्वेटर, कानटोपी, काखेत जुनं वर्तमानपत्र. बॉनेट उघडलं आणि हसले.

"वा! इंजिन की देव्हारा? काय लपवलंय?"

"धुळीशिवाय काही नव्हतं. ती काढली."

"वहिनी, विकायच्या गाडीचं इंजिन चकचकीत दिसलं की शहाणा माणूस घरी जातो. गळती असली की लोक आधी पुसून घेतात."

"मग आलाच आहात तर चहा घेऊन जा."

चहाचं नाव काढल्यावर ते थांबले. इंजिन चालू करून त्यांनी गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. चहा पिऊन संपेपर्यंत थेंब पडला, तर सौदा रद्द. आम्ही तिघं त्या कागदाकडे बघत चहा प्यायलो. बराच वेळ काही नाही. मी दुसरा कप ओतणार, तेवढ्यात टप्प.

"बघा!" गृहस्थ म्हणाले.

मग दुसरा थेंब, तिसरा. गाडी आता राहणार आणि हे उद्या परत बाजारात जाणार. ह्यांचा चेहरा मात्र जरा उजळला होता. गृहस्थांनी कागद ओढून काढला, थेंबाला बोट लावून नाकाशी नेलं, मग कपाळाला आठ्या घातल्या.

"वहिनी, हे खोबरेल आहे."

मी ह्यांच्याकडे वळले. "अहो?"

"रबराचे पाईप कोरडे दिसत होते," हे कपात बघत म्हणाले. "पहाटे जरा लावलं."

थंडीत तेल गोठलेलं. बोटाने पाईपांच्या खालच्या बाजूला गोळेच्या गोळे लावले होते, म्हणून वरून दिसले नव्हते. इंजिन तापलं तसे ते वितळले.

"इंजिनाच्या पट्ट्याला नाही ना लावलंत?" गृहस्थांनी विचारलं.

"पट्टा घसरेल ना! तेवढं कळतं मला."

"डोक्याला लावायचं तेल इंजिनाला! शिकेकाईपण आणू का?" मी म्हणाले.

गृहस्थ खो खो हसले. इंजिन गार होऊ दिलं, मग विजेरी लावून खालून-वरून सगळं पाहिलं. दुसरी गळती नव्हती.

"घेतो," ते म्हणाले. "पण हा चिकटा पुसून द्या. माझ्या नाकाला सोसत नाही."

मी ह्यांच्या हातात फडकं दिलं. ज्याने माखलं त्याने पुसावं. हे एकेक पाईप पुसायला लागले. एक झाला की दुसरा, आणि दुसरा झाला की पुन्हा पहिला. बॅटरीचं झाकण पुसलं, तिथं तेल नव्हतंच. गृहस्थ घड्याळ बघून थकले. त्यांनी किल्ली मागितली, तर हे म्हणाले, "थांबा, इथं राहिलंय." तिथं काही राहिलं नव्हतं. उजवीकडचं त्यांना दिसत नव्हतं, पण ते डावीकडचंच पुसत होते.

मी दोघांकडे पाहिलं आणि बॉनेटला हात घातला.

"अहो, हात काढा," मी म्हणाले. "आपटतेय."

त्यांनी काढला.