दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘सहल’

हे आजवर माझ्याकडून कधी बोललं गेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आणि देवाजवळ तर नाहीच — त्याच्यापुढे कुठल्या तोंडानं बोलणार? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही सुलभाला ओळखत नाही.

सुलभा माझी शेजारीण. बदलापुरात मांजर्लीला एकाच मजल्यावर आमची समोरासमोर दारं, बावीस वर्षं. तिची मुलगी प्राची अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसला होती. तिथल्याच एका मल्याळी मुलाशी लग्न करून ती कोचीला गेली. वडिलांनी बजावलं, तिचं नाव या घरात काढायचं नाही. सुलभानं ते पाळलं — आठ वर्षं. मग ते वारले. आता अडवणारं कुणी उरलं नव्हतं, तरी ती अडलेलीच राहिली.

अशात आम्ही क्रूझचं बुकिंग केलं. माझ्या नवऱ्याला पाण्याची धास्ती, म्हणून दोघीच. उल्हासनगरला जाऊन सारख्या चपला घेतल्या, गाऊन घेतले, दुकानदारासमोर वेड्यासारख्या हसलो. मुंबईहून निघून वाटेत उतरायला एकच दिवस होता — कोचीचा. सकाळी नऊला उतरायचं, हाऊसबोटीची सहल करायची, चारच्या आत परत.

आदल्या दुपारी केबिनमध्ये सुलभानं पर्समधून कागद काढला. प्राचीचा पत्ता! बंदरापासून रिक्षानं अर्धा तास. जाऊ की नको? वर ‘ह्यांना’ काय वाटेल? तिनं दार लावून घेतलं तर? एकटीनं जायची छाती नव्हती, तिला मी बरोबर हवी होते. तासभर हे चाललं. शेवटी म्हणाली, “चिठ्ठी टाकू या गं. देव सांगेल तसं. तूच लिही.”

सोसायटीच्या भिशीच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं मीच लिहिते ना. माझ्यावर सगळ्यांचा विश्वास.

आता — कसं सांगू? एकीवर ‘प्राची’ लिहायचं होतं, दुसरीवर ‘सहल’. मी दोन्हींवर ‘सहल’ लिहिलं.

का? स्वतःला बरीच उत्तरं देऊन पाहिली. प्राचीनं अपमान केला असता, सुलभाचं बीपी वाढलं असतं, परक्या गावात मी एकटीनं काय केलं असतं... सगळं खोटं. मला बॅकवॉटरमध्ये हाऊसबोटीत बसायचं होतं. वेताच्या खुर्चीत, पाय पसरून. आयुष्यभर दुसऱ्यांची पथ्यं सांभाळली, आजारपणं काढली, हा एक दिवस मला दुसऱ्याच्या रडारडीत घालवायचा नव्हता. बस, एवढंच. एवढ्यासाठी माणूस असं करतं? मी केलं.

गणपतीच्या फोटोपुढे दोन्ही घड्या ठेवल्या. सुलभानं हात जोडून एक उचलली, वाचली आणि पत्त्याचा कागद परत पर्समध्ये ठेवला. दुसरी मी मुठीत घेतली. ती तिनं पाहायलाही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी हाऊसबोटीत ती पाण्याकडे बघत बसली होती आणि मी जेवत होते. जेवण — खरं सांगू? — मला आवडलं.

मला वाटलं होतं, आज नाही तर पुढे कधी भेटतील मायलेकी. पण सुलभासाठी तो देवाचा कौल होता. वडील गेल्याचं उशिरा कळून प्राचीचे फोन यायला लागले, हिनं उचलले नाहीत. रागानं नाही हो — भीतीनं! कौल मोडला तर पोरीचंच काही वाईट होईल, हे तिनं मनात घट्ट धरलंय. आणि ते मी रोज बघतेय. रोज.

गेल्या महिन्यात प्राची स्वतः आली. माझ्या दाराच्या भिंगातून मी पाहत होते. “आई, एकदा दार उघड,” एवढंच ती म्हणत होती, पुन्हा पुन्हा. आतून सुलभाचं रडणं माझ्यापर्यंत येत होतं. मग प्राची वळली आणि तिनं माझी बेल दाबली. “काकू, तुम्ही तरी सांगा ना तिला.”

माझा हात कडीवर होता. एक वाक्य पुरे होतं. पण ते बोलले असते तर सुलभानं माझ्याकडे कसं पाहिलं असतं? त्या नजरेला मी घाबरले. श्वास रोखून तशीच उभी राहिले. बेल तीनदा वाजली. प्राची थोडा वेळ जिन्यात बसली, मग गेली.

संध्याकाळी सुलभा आली. डोळे सुजलेले. माझा हात धरून म्हणाली, “तू दार उघडलं नाहीस, बरं केलंस बाई. तू तिला आत घेतलं असतंस ना, तर माझ्याच्यानं राहवलं नसतं.”

मी चहा ठेवला. तिला आवडतं तसं आलं किसून घातलं. कप तिच्या हातात दिला आणि समोर बसले. तेव्हाही सांगितलं नाही.