तो डबल डेकर बेड आम्ही घेतला नाही!

मैत्रिणींनो, आज सकाळी फुलपाड्यातल्या एका दुकानात दोन्ही मुलींसाठी डबल डेकर बेड बघायला गेलो होतो. वरच्या बेडवर बसवलेल्या तीन वर्षांच्या सईने कठड्याच्या दोन दांड्यांमधून डोकं घातलं आणि ते अडकलं! नवऱ्याने कसंबसं सोडवलं.

दुकानदार म्हणतो, "मॅडम, लक्ष ठेवायचं ना! सगळे हाच नेतात."

मी म्हटलं, "रात्री झोपेत कोण लक्ष ठेवणार? नको आम्हाला."

तिथून थेट वालीवला एका सुताराकडे गेलो आणि जमिनीलगतचे दोन साधे बेड करायला सांगितले. स्वस्तातही पडतायत. मोठी रुसलीय, तिला वरच झोपायचं होतं. रुसू दे!

बेड येईपर्यंत दोघी खाली गादीवर झोपतील. तुम्ही घेतला असता तो बेड?