येल्लप्पाला चार्जिंग देणारे पाच जण

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट ठाऊक नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. आमच्या बऱ्याच कामगारांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या, आणि उरलेलं चार्जिंग एकमेकांना विकायचं एक ॲप आलं. एका गाडीची वायर दुसरीला जोडायची, झालं. व्यवहार ब्लॉकचेनवर — म्हणजे वेळ, जागा कायमची नोंदली जाते, कोणाला खोडता येत नाही. नावं मात्र नाहीत, नुसते नंबर. तरी लोक बिचकत होते. मग मीच त्यांची खाती उघडून दिली, छातीठोकपणे सांगितलं की नाव कुठंच दिसणार नाही. कोणता नंबर कोणाचा, हे फक्त मला माहीत होतं.

येल्लप्पा माझा लहानपणापासूनचा मित्र, आमच्याच कारखान्यात मागावर कामाला. त्याच्या गाडीची बॅटरी पार गेलेली. कुठंही गेला की परतायला कोणीतरी चार्जिंग द्यायचं.

मालकांच्या कानावर आलं की कामगार युनियन काढताहेत, रविवारी कुंभारी गावाच्या पुढं जमले होते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. धमकावलं का? नाही. आवाजही चढवला नाही. मला बसायला खुर्ची दिली — इतक्या वर्षांत पहिल्यांदा — आणि चहा मागवला. एवढंच. मी मोबाईल काढून रविवारची, त्याच जागेवरची नोंद दाखवली. एका नंबरला पाच नंबरांनी थोडं थोडं चार्जिंग दिलेलं. मग सहाही नावं सांगितली... चहा संपायच्या आत. भीतीपोटी नाही हो. त्या खुर्चीपायी मी मित्र विकला.

दुसऱ्या दिवशी सहाही जणांना गेटवरूनच परत पाठवलं. कायमचं.

संध्याकाळी येल्लप्पा घरी आला. मला वाटलं, संपलं सगळं.

"नाव दिसत न्हाय म्हनला हुतास की," तो म्हणाला. "मग मालकाला कळलं कसं?"

"ॲपच फुटलं आसंल," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. विश्वास ठेवला त्यानं. जाताना दारात थांबून हळूच म्हणाला, "आमची खाती तू काढलीस, हे कुनाला सांगू नगंस. तुजी बी नोकरी जाईल."

मी — हो म्हणालो.

येल्लप्पा आता माढ्याकडं कुठंतरी वॉचमन आहे. कारखान्यात कोणी कोणाला चार्जिंग देत नाही. रविवारची ती नोंद अजून तशीच आहे, मी अधूनमधून उघडून बघतो. पाच नंबरांनी एका नंबरला घरी पोचण्यापुरतं दिलेलं. माझा नंबर त्यात कुठंच नाही.