शॉकअपच्या तेलाची चक्कर

इंदापूरच्या फाट्यावर मी पेरू विकते. तिथं एक माणूस मोटारसायकल घेऊन तीनदा आला. बारामतीच्या एका कंपनीत तो गाड्यांच्या शॉकअपमधलं, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळ्यांतलं, तेल बनवायचा. अंगठा न् बोट सारखं एकमेकांवर घासायची त्याला खोड होती. माझ्या चहाचा थेंबही त्यानं तसाच घासून पाहिला.

"आजी, मागं बसा. गाडीत माझं नवं तेल घातलंय, खड्ड्यांतनं चक्कर मारू. कंपनीतली समदी चांगलंच म्हणत्यात, तुमी खरं सांगाल."

पहिल्यांदा गाडी डुलतच राहिली. "पातळ हाय," मी म्हणाले. दुसऱ्यांदा कंबर कडकडली. "लई घट्ट."

तिसऱ्यांदा त्याचं तोंड उतरलं होतं. आता जमलं नाही, तर कंपनी बाहेरचं तेल घेणार होती. तो खड्डे चुकवायला लागला. मी त्याच्या पाठीत बुक्की घातली, तेव्हा कुठं त्यानं गाडी खड्ड्यात घातली. मी एकदाच वर गेले आणि अलगद खाली आले.

"जमलं."

"माझं मन राखताय न्हवं?"

"मन राखायचं असतं तर पहिल्याच दिवशी चांगलं म्हणून मोकळी झाली असती. चल, पेरूंपाशी सोड."

पुन्हा काही तो आला नाही. तेल पास झालं असणार. नसतं झालं, तर मला खड्ड्यात घालायला नक्की आला असता.