घाटाखाली नेलेला गारवा

माझं गॅरेज बुलढाण्यात, घाटावर. सासुरवाडी जळगाव जामोदला, घाटाखाली. उन्हाळ्यात तिथं सावलीसुद्धा तापते. मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासूबाई स्वयंपाकघरात कुणाला तरी सांगत होत्या, "मोठ्या जवायाच्या गाडीत लय गार लागते." मी बाहेर खाटेवर बसून ते ऐकलं आणि वर्षभर उरात घेऊन हिंडलो. मोठा जावई मास्तर, मी मिस्त्री. टोमणाच असणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं.

मग एसीवाली जुनी गाडी घेतली. एसी फक्कड होता, इंजिन मात्र तेल पीत होतं. लोकांना गाड्या पारखून देणाऱ्या मला ते घेताना दिसलं नाही, कारण मी सगळा वेळ एसीसमोर तोंड धरून बसलो होतो. यंदा आखाजीच्या तोंडावर इंजिन उतरवायची पाळी आली.

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनलाच बोल्टांनी बसवलेला असतो. त्याचा पाइप उघडला की दाबातला गॅस सुटतो, हाताची कातडी गोठते, आणि गारवाही जातो. म्हणून पाइप न उघडता वायर काढली, पट्टा उतरवला, बोल्ट सोडले आणि कॉम्प्रेसर पाइपांसकट बाजूला घेऊन बायकोच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधला. पाइपाला मुरड पडू दिली नाही.

"इतकी काळजी माह्या बाळंतपणात नाही केली तुमी," बायको म्हणाली. खरंच होतं ते. चेनकुप्पीच्या साखळीनं ओढून इंजिन गाडीतून वर येईपर्यंत मी श्वास रोखून उभा होतो.

इंजिन दुरुस्त करून परत बसवलं आणि आखाजीला काचा बंद, एसी सुरू, अशा थाटात गाडी सासऱ्यांच्या दारात लावली. सासूबाईंना पुढं बसवून गावात चक्कर मारायला निघालो. बाजाराजवळ त्या म्हणाल्या, "जवाईबापू, काच खाली करा ना."

"मामी, एसी चालू हाय."

"असू द्या. मोठ्यायच्या गाडीतही काच बंदच असते. कोनाले दिसतच नाही मी. ही तं माह्या जवायानं सोताच्या हातानं दुरुस्त केलेली गाडी हाय. लोकायले पाहू द्या ना."

मी काच खाली केली. इतका जपलेला गारवा निघून गेला आणि तोंडावर गरम वाफ आली. सासूबाई दुकानादुकानासमोर हात हलवत होत्या. मी घामानं निथळत खुळ्यासारखा हसत होतो. त्यांनी एकच चक्कर सांगितली होती. दुसरी मी आपणहून मारली.