आई, मला ण दे

देवावर माझा विश्वास लहानपणापासून होता, पण एका बाबतीत मला त्याच्याविषयी शंका होती. आमच्या कुळाची आई म्हणजे कार्ल्याच्या डोंगरावरची एकवीरा. आमच्या खाडीकाठच्या गावांतली माणसं पिढ्यान् पिढ्या तिच्याशी आमच्याच बोलीत बोलत आली. 'आये, होरी सुखरूप आन', 'आये, पोराला बरा कर', असंच तिने कायम ऐकलेलं. मग तिला 'ण' येत असेल का, ही माझी शंका. आज हसू येतं, पण सोळाव्या वर्षी माझं सगळं आयुष्य त्या एका अक्षरावर येऊन अडलं होतं, म्हणून मला ती फार गंभीर वाटायची.

आता जिथे नवी मुंबईच्या उंच इमारती उभ्या आहेत, तिथे तेव्हा आमची भातशेती, मिठागरं आणि चिखलातून जाणाऱ्या पायवाटा होत्या. गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढे सातवीपर्यंत शिकायचं तर बांधावरून शेजारच्या मोठ्या गावाला चालत जावं लागे. मुली जात नसत. मी गेले, कारण वडिलांना माझा हट्ट मोडता आला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना तो मोडायचाही नव्हता. सातवीची फायनल मी पास झाले तेव्हा त्यांनी गावभर गूळ वाटला. पण गूळ खाऊन झाल्यावर सगळ्यांनी विचारलं, "आता पुढे काय?" पुढे दोनच वाटा होत्या. ठाण्याला मास्तरीण होण्याचं शिक्षण देणारं एक विद्यालय होतं. तिथे निवड झाली तर राहणं, जेवण आणि दोन वर्षांनी नोकरी. नाही झाली तर काकांनी पाहून ठेवलेलं स्थळ. मुलगा वाईट नव्हता. फक्त मला त्याच्याशी नाही, फळ्याशी लग्न करायचं होतं.

आमच्या शाळेतले गुरुजी देशावरचे. माझ्यासाठी विद्यालयात अर्ज त्यांनीच पाठवला आणि त्याच दिवशी मला समोर बसवून सांगितलं की तिथे तोंडी मुलाखत असते. शहरातल्या मुली येतात, घरात पुस्तकं असलेल्या, आणि परीक्षक सगळ्यांत आधी बोलणं पाहतात. आदल्या वर्षी पलीकडच्या गावचा एक हुशार मुलगा मुलग्यांच्या विद्यालयात 'शिक्षन' म्हणाला आणि परत आला. आमच्या बोलीत ण नाही, सगळा न. ळ सुद्धा नाही, त्याचा ल होतो, आणि ड-ढ चा र. ळ आणि ड मी बऱ्यापैकी काबूत आणले होते, पण ण काही केल्या वळेना. गुरुजी म्हणत, "जीभ उलटी करून टाळ्याला लाव." मी भात कांडताना, पाणी भरताना, शेणी थापताना 'पाणी, लोणी, वेणी, गाणी' घोकत असे. आई म्हणे, "जिबेला गाठ मारतंस काय गो? उद्या जेवशील कशी?" धाकटी भावंडं तर माझ्यामागे 'णी णी णी' करत फिरायची. सावकाश बोलले की ण जमायचा. घाईत, रागात, घाबरल्यावर पुन्हा न.

चैत्रात गावाची पालखी एकवीरेला निघाली. मुलाखत त्यानंतर थोड्याच दिवसांनी होती. मी वडिलांना म्हटलं, मलाही नवस करायचाय. काय, ते सांगितलं नाही. मळवलीच्या स्टेशनात उतरून ढोलाच्या तालावर नाचत आम्ही डोंगराच्या पायथ्याशी गेलो. पायऱ्या चढताना माझ्या पुढे-मागे सगळी माणसं काही ना काही मागायला निघालेली. कुणाला मुलगा हवा होता, कुणाला नवी होडी, कुणाला सासूचा स्वभाव बदलून हवा होता. मी एकटीच बाराखडीतलं एक अक्षर मागायला चालले होते. गाभाऱ्यात गर्दी अशी की पाय जमिनीला टेकेना. आईचा शेंदराने माखलेला मुखवटा समोर आला, मागून धक्का बसला, आणि मी हात जोडून ओरडले. म्हणायचं होतं, 'आई, मला ण दे.' तोंडातून आलं, "आई, मला न दे!"

शेजारी उभे असलेले वडील खो खो हसले. "आये, बग गो! येवरा डोंगर चरून आली नं म्हनतं, देऊ नको!" गर्दीने मला बाहेर ढकललं. पुन्हा आत जाण्याची सोय नव्हती. परतीच्या वाटेवर सगळे गात होते आणि मी एकटी मागे रेंगाळत होते. ज्या अक्षराचं दान मागायचं, तेच नसल्यामुळे मागणंच उलटं झालं होतं. देवीला शंभर माणसं एकदम मागतात, ती प्रत्येकाचा उच्चार थोडाच सुधारून घेणार? तिने ऐकलं असेल 'न दे', आणि म्हणाली असेल, बरं बाई, नाही देत. वडिलांनी सगळा प्रकार समजून घेतला तेव्हा ते हसायचे थांबले. माझ्या जोडीने चालू लागले आणि म्हणाले, "पोरी, ल्हान पोर 'मम' म्हनतं तवा आये काय 'मम'चा अर्थ इचारीत बसतं? ती भात भरवतं." मला ते पटलं नाही. सोळाव्या वर्षी वडिलांचं काहीच पटत नाही.

मुलाखतीच्या दिवशी भरतीबरोबर आम्ही होडीने खाडीतून ठाण्याला गेलो. वडील आणि गुरुजी बाहेर वडाखाली थांबले. व्हरांड्यात शहरातल्या मुली बसल्या होत्या, इस्त्रीच्या पातळात, एकमेकींशी असं शुद्ध बोलत की मला वाटलं त्या घरी भांडतानासुद्धा अशाच बोलत असतील. मी मनात ठरवलं, आज एकही ण सोडायचा नाही. माझं नाव पुकारलं. आत टेबलामागे विद्यालयाच्या मुख्य बाई होत्या आणि शेजारी कोट घातलेले एक साहेब. मी जीभ उलटी करून टाळ्याला लावली, हात जोडले आणि म्हणाले, "णमस्कार."

साहेबांनी मान वर केली. बाईंनी वाचायला एक धडा दिला. त्यात रान होतं, नदी होती, पानं होती. मी अगदी मनापासून वाचलं, "राणात एक णदी होती. तिच्या काठी झाडांची पाणं हलत होती." महिनाभर घोकलेला सगळा ण त्या दिवशी एकदम वर आला आणि त्याने बाराखडीतल्या प्रत्येक न ला हुसकावून लावलं. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. मग सावरून, तसं प्रेमानेच, म्हणाले, "बाळ, नदीला णदी कधीपासून म्हणायला लागलो आपण?" माझ्या डोळ्यांसमोर काकांनी पाहिलेलं स्थळ मुंडावळ्या बांधून उभं राहिलं. मी रडायच्या बेतात होते. मी मनात एवढंच म्हटलं, आई, आता तूच बघ. माझ्याने काही होत नाही.

तेवढ्यात दाराशी गलका झाला. शिपाई "अहो थांबा, आत जाऊ नका" म्हणत होता आणि त्याच्या हाताखालून एक बाई आत शिरली. आमच्याकडच्यासारखं गुडघ्यापर्यंत कासोटा घातलेलं लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या, आणि पदराला धरून एक शेंबडी मुलगी. विद्यालयाला जोडून लहान मुलांची शाळा होती. तिथे ती मुलीचं नाव घालायला आली होती, आणि जन्मतारीख सांगता येत नाही म्हणून तिला सकाळपासून परतवत होते.

"बाय, तुमी तरी आयका," ती थेट मुख्य बाईंना म्हणाली. "पोरीला शालेत घालाची हाय. तारीख मना काय ठाव? उधानाचे भरतीला जल्मली. झोरनीचे दिस व्हते, चांदना टिपूर परलेला. आजून काय सांगू?"

मुख्य बाई मूळच्या दूरच्या. त्या चेहऱ्याने दयाळू दिसत होत्या, पण त्यांना यातलं एक अक्षरही कळलं नव्हतं. साहेबांनाही नाही. त्या खोलीत हे कळणारी मी एकटी होते. आपण मुलाखतीला उभ्या आहोत हे मी विसरूनच गेले आणि तिच्याकडे वळून विचारलं, "कनचे वर्साला गो, आये? खाडीचा बांद फुटला त्या वर्साला?"

तिचा चेहरा उजळला. "न्हाय गो बाय. त्याचे दुसरे वर्साला. दत्ताची पालखी निंगाली व्हती बग, तवाच."

मी बाईंना सांगितलं, "हिचा जन्म मार्गशीर्ष पौर्णिमेचा, दत्तजयंतीचा. तेव्हा आमच्याकडे भाताची झोडणी चालते. पौर्णिमेला खाडीला मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात, म्हणून या तसं सांगतायत. बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं, त्याच्या पुढच्या वर्षी. मी तेव्हा दुसरीत होते. पंचांगात पाहिलं तर तारीख मिळेल."

बाईंनी मुलीकडे वाकून नाव विचारलं. ती पदरात लपली. आई म्हणाली, "रेनुका."

"रेणुका," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. एकवीरेला आमच्याकडची म्हातारी माणसं रेणुकेचंच रूप मानतात. जिला ण येत असेल का म्हणून मी शंका घेतली, तिच्या स्वतःच्या नावात तो बसलेला होता.

शिपाई त्या दोघींना शाळेच्या कचेरीकडे घेऊन गेला. साहेब माझ्याकडे निरखून पाहत होते. "पौर्णिमा, झोडणी, उधाण, पाणी," ते बोटांवर मोजत म्हणाले. "सगळे जागच्या जागी. मघाशी कुठे होते हे?" मी म्हटलं, ठाऊक नाही. आणि मला खरंच ठाऊक नव्हतं. उधाण हा तर मी जन्मापासून ऐकलेला शब्द. महिनाभर लोणी आणि वेणी घोकत बसले, पण आमच्या उधानाच्या पोटातही ण असतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला. "उद्या तुझ्या वर्गात अशीच मुलगी आली आणि म्हणाली, 'बाई, पानी', तर तू काय करशील?"

"आधी पाणी देईन, बाई," मी म्हणाले. "मग ण."

बाई मोठ्याने हसल्या. व्हरांड्यातल्या मुली दारातून डोकावून बघायला लागल्या. मी बाहेर येऊन त्या हिरव्या बांगड्या घातलेल्या माउलीला शोधलं, पण ओहोटी लागायच्या आत होडी गाठायची म्हणून ती निघून गेली होती. वडिलांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी जागच्या जागी कार्ल्याच्या दिशेला तोंड करून हात जोडले. गुरुजी इकडे-तिकडे पाहू लागले आणि मग त्यांनीही हळूच जोडले. माझी निवड झाल्याचं पुढे कळलं आणि गावात दुसऱ्यांदा गूळ वाटला गेला. काकांच्या स्थळाने माझ्यासाठी ज्येष्ठ महिन्यापर्यंतसुद्धा वाट पाहिली नाही. त्याने दुसरी मुलगी केली, आणि दोघं सुखात राहिली.

विद्यालय सुरू झालं तेव्हा मी आधी लहान मुलांच्या शाळेत धावले. रेणुका पहिल्या रांगेत बसली होती, पाटी उलटी धरून. तिची आई खाडीच्या वरच्या अंगाच्या गावची, ठाण्याच्या बाजारात भाजी विकणारी. एका शनिवारी ती मुलीला न्यायला आली, तेव्हा मी तिच्या पायाच पडले. ती घाबरून मागे सरली. मी तिला डोंगरावरच्या नवसाचं, माझ्या उलट्या मागण्याचं सगळं सांगितलं, आणि म्हटलं, त्या दिवशी तुझ्या रूपाने आईच आली.

मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही. "मी कनची आई गो? त्या दिसा मीच एकवीरा आयेला हाका मारीत व्हते. सकालपासून बसलेली, कोन आयकंना, कोनाला माजा बोलना समजंना. मी म्हनलं, आये, माजी भाषा कलंल असा एक तरी मानूस धार. नं दार लोटलं, त तू उभी!"

बराच वेळ आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून हसत होतो. रेणुकेला वाटलं, आम्हाला काहीतरी झालं.

मी ण मागितला होता. तोंडून न मागितला गेला. आणि आईने नेमका तोच दिला, माझाच, घरचा, जो मी लाजून टाकून द्यायला निघाले होते. ण त्याच्यामागून आपणहून आला. पुढे खाडीकाठच्या शाळांत मी उभा जन्म शिकवलं. 'पानी' म्हणणारी कितीतरी पोरं माझ्या हाताखालून गेली, आणि त्यांतली बरीच आज कुठे कुठे मोठ्या खुर्च्यांवर बसली आहेत. मी त्या प्रत्येकाला आधी पाणी दिलं. आपण काय मागतो, ते आपल्यालाच नीट म्हणता येत नाही. तिला मात्र समजतं, आणि एकीची हाक तिने दुसरीकडून पुरी करून घेतली की आपण उगाच विचारतो, हे कसं झालं?

दर चैत्रात मी अजून डोंगर चढते. गाभाऱ्यातली गर्दी तशीच आहे, धक्केही तसेच. मुखवटा समोर आला की मी काही मागत नाही. माझ्या बापाच्या बोलीत एवढंच म्हणते, "आये, तुना ठाव हाय." त्यात ण कुठेच लागत नाही.